खुनी कळल्यानंतर उरतं काय? : ‘लॉरा’ या चित्रपटाविषयी



आजचा विषय एक जुना रहस्यपट आहे, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बोलण्याच्या ओघात खुनी कोण हे मी सांगणार आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हवं तर ध्वनिमुद्रण इथेच थांबवावं आणि तो पाहून परत यावं. ८८ मिनिटांचा आहे, फार वेळ जाणार नाही. पण माझं म्हणणं असं, की खुनी माहीत असला तरी या चित्रपटाचं फारसं नुकसान होत नाही. आणि हाच आजचा प्रश्न आहे. रहस्यकथेचा प्राण तिच्या उत्तरात असतो असं आपण मानतो. कोडं सुटलं की कागद चुरगळून टाकायचा. मग एखादं कोडं सुटल्यावरही माणसं पुन्हा पुन्हा त्याच्याकडे का जातात? ८० वर्षं होऊन गेली, तरी का जातात?

चित्रपट आहे ‘लॉरा’. साल १९४४, दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर, निर्मितीसंस्था ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स. मूळ कादंबरी वेरा कॅस्परी या लेखिकेची. महायुद्ध संपल्यावर, १९४६च्या उन्हाळ्यात, पॅरिसमध्ये एकदम बरेच अमेरिकन चित्रपट येऊन पोहोचले. त्यांतल्या काहींमध्ये एक निराळाच काळोख आहे, हे तिथल्या समीक्षकांच्या लक्षात आलं. नीनो फ्रँक या समीक्षकानं त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असं म्हटलं. त्या पहिल्या मोजक्या चित्रपटांत ‘लॉरा’ होता. गंमत बघा, ‘न्वार’ म्हटलं की आपल्याला ओल्या गल्ल्या, पाऊस आणि टोपीखाली झाकलेले चेहरे आठवतात. यातलं ‘लॉरा’त फार थोडं आहे. इथे न्यूयॉर्कमधली श्रीमंत घरं आहेत, गालिचे आहेत, चिनी मातीच्या वस्तू आहेत, झकास बोलणारी माणसं आहेत. काळोख आहे तो त्या माणसांच्या प्रेमात.

गोष्ट थोडक्यात सांगतो. लॉरा हंट ही जाहिरात-व्यवसायात पुढे आलेली तरुणी. शुक्रवारी रात्री तिच्या घराच्या दारात शॉटगननं तिचा खून होतो. गोळी चेहऱ्यावर लागलेली. तपासाला येतो मार्क मॅकफर्सन, पोलिसांतला कमी बोलणारा माणूस. संशयित तीन. पहिला वाल्डो लायडेकर, प्रसिद्ध स्तंभलेखक आणि रेडिओवरचा वक्ता, वयानं मोठा, जिभेनं तिखट. त्यानं लॉराला ‘घडवलं’. दुसरा शेल्बी कार्पेंटर, तिचा नियोजित नवरा, गोड आणि पोकळ. तिसरी तिची मावशी म्हणा, आत्या म्हणा, अ‍ॅन ट्रेडवेल, जिला शेल्बी स्वतःसाठी हवा आहे. मार्क रोज लॉराच्या घरी जातो. तिची पत्रं वाचतो, रोजनिशी वाचतो, अत्तराची कुपी उघडून वास घेतो, कपाट उघडतो. भिंतीवर तिचं मोठं चित्र आहे. एका रात्री तो त्या चित्राखालच्या खुर्चीत झोपी जातो. दार उघडतं आणि लॉरा आत येते. जिवंत. ती गावाबाहेरच्या आपल्या घरी गेलेली होती, तिथला रेडिओ बिघडलेला, वर्तमानपत्र पाहिलेलं नाही. मेली ती दुसरीच कोणीतरी.

आता मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, त्यामुळे माझी पहिली नजर तर्काकडे जाते. प्रेत लॉराचं आहे हे कशावरून ठरलं? घर तिचं, अंगावरचा गाऊन तिचा, बांधा तसाच, म्हणून ती लॉरा. आपल्याकडच्या न्यायदर्शनात याला अनुमान म्हणतात. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण धूर आणि अग्नी यांचं साहचर्य आपल्याला पक्कं माहीत आहे. पण गाऊन आणि गाऊनची मालकीण यांचं तसं साहचर्य असतं का? नसतं. गाऊन दुसरीही घालू शकते. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. हेतू इकडेही सापडतो, तिकडेही सापडतो, म्हणून त्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणजे हा अख्खा तपास पहिल्या पायरीपासूनच हेत्वाभासावर उभा आहे. आणि हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण जिच्याबद्दल सगळे बोलत होते, तिच्याकडे नीट पाहायची कोणाला गरजच वाटली नव्हती. तिच्याबद्दल प्रत्येकाचं मत आधीच तयार होतं.

इथे मला आपल्या साहित्यशास्त्रातली एक जुनी यादी आठवते. प्रत्यक्ष मीलनाच्या आधी जे प्रेम जडतं त्याला पूर्वराग म्हणतात. तो कशानं जडतो? शास्त्रकार सांगतात, श्रवणानं किंवा दर्शनानं. कोणीतरी गुणवर्णन करतं, ते ऐकून, नाहीतर पाहून. आणि पाहणं चित्रात असेल, स्वप्नात असेल किंवा साक्षात असेल. आता ही यादी मार्कला लावून बघा. आधी वाल्डो त्याला हॉटेलात बसवून लॉराची कहाणी सांगतो, हे श्रवण. मग भिंतीवरची तसबीर, हे चित्रदर्शन. मग तो खुर्चीत झोपतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो, पुन्हा मागे येतो. कितीतरी प्रेक्षकांना वाटतं की पुढचं सगळं स्वप्नच आहे. आणि मग ती साक्षात दारात उभी. आमच्या शास्त्रकारांनी हे पूर्वरागाचे वेगवेगळे मार्ग म्हणून मांडले होते. प्रेमिंजरनं चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्यात ते सगळे एका ओळीत लावून दाखवले.

चित्राशी बोलणारा प्रेमिक आपल्याला नवा नाही. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात दुष्यंत स्वतः काढलेल्या शकुंतलेच्या चित्रासमोर बसतो आणि चित्रातल्या भुंग्याला रागावतो. शेवटी विदूषकाला सांगावं लागतं, महाराज, हे चित्र आहे. किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून हा राजा आपल्याही ओळखीचा आहे. पण दुष्यंत आणि मार्क यांच्यात मोठा फरक आहे. दुष्यंतानं जिला ओळखलं आणि मग नाकारलं, तिचं तो चित्र काढतो. त्या चित्रात पश्चात्ताप आहे. मार्कनं लॉराला कधी पाहिलेलंच नाही. त्याच्या प्रेमात आठवण नाही, चूक नाही, काहीच नाही. फक्त वस्तू आहेत आणि ऐकीव गोष्टी आहेत. या चित्रपटातलं विदूषकाचं काम कोण करतो? वाल्डो. तो मार्कला चिडवतो, की बाबा रे, अशानं तुझी रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल. कारण मार्कनं ती तसबीर विकत घ्यायला बोलीसुद्धा लावली आहे, हे वाल्डोला कळलेलं असतं.

सार्त्रनं १९४० सालच्या ‘कल्पनाविश्वा’वरच्या आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट दाखवून दिली. खरी वस्तू आपण कितीही पाहिली तरी ती संपत नाही. तिची आणखी एक बाजू उरतेच. मनातली प्रतिमा तशी नसते. आपण तिच्यात जे घातलं तेवढंच तिच्यात सापडतं. त्यामुळे प्रतिमा आपल्याला कधी चकवत नाही, विरोध करत नाही, नाही म्हणत नाही. मंडळी, प्रतिमेवर प्रेम करणं का सोपं असतं याचं याहून चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही. आणि या चित्रपटातली तसबीर तर फारच बोलकी आहे. आधी रूबेन मामूलियन हे दिग्दर्शक होते आणि लॉराचं चित्र त्यांच्या पत्नीनं रंगवलं होतं. मामूलियन गेले, प्रेमिंजर आले. त्यांनी ते चित्र काढून टाकलं आणि अभिनेत्री जीन टिअर्नीचा एक फोटो मोठा करून त्यावर तैलरंगाचे फटकारे मारून घेतले. म्हणजे सगळे ज्या चित्राच्या प्रेमात पडतात, ते धड चित्रही नाही. वर थोडा रंग, खाली कॅमेरा.

आता वाल्डोकडे येऊ. क्लिफ्टन वेबनं हे काम असं केलंय की त्याच्यावर रागावतानाही आपण त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहतो. चित्रपट सुरू होतो तो त्याच्या आवाजानं, काळ्या पडद्यावर. लॉराला खऱ्या अर्थानं ओळखणारा मी एकटा, असा त्याचा दावा आहे. लॉरा त्याला प्रथम भेटते ती अल्गोंक्विन हॉटेलात, एका पेनाच्या जाहिरातीसाठी सही मागायला. तो तिचा अपमान करतो, मग माफी मागतो, मग तिला वर आणतो. केस कसे बांधायचे, काय घालायचं, कोणाला भेटायचं, सगळं त्याचं. जेकोबी नावाच्या ज्या चित्रकारानं तिची तसबीर काढली, तो तिच्या जवळ येतोय असं दिसताच वाल्डो आपल्या स्तंभात त्याची अशी चिरफाड करतो की तो माणूस संपतो. आणि खुनी हाच वाल्डो. त्यानं लॉराला एक उभं घड्याळ दिलेलं असतं. तसंच हुबेहूब दुसरं त्याच्या स्वतःच्या घरी. लॉरा मेली असं सगळ्यांना वाटत असताना तो तिच्या घरातल्या काही वस्तू परत मागतो, त्यांत ते घड्याळही. म्हणतो, मी त्या उसन्या दिल्या होत्या. बंदूक त्या घड्याळाच्या खालच्या भागात लपवलेली आहे.

‘उसनी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. वाल्डोला वाटतं की लॉराची ऐट, तिचं यश, तिचं आयुष्य हे सगळं आपण तिला उसनं दिलं आहे. ती दुसऱ्या पुरुषाकडे जाते आहे, म्हणजे ती कर्ज बुडवते आहे. मग वसुली. कांट म्हणाला होता की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. वाल्डो तिला साधनही मानत नाही. तो तिला आपली कलाकृती मानतो. आणि कलाकृती फाडायचा हक्क कलावंताला असतो, असं त्याला मनापासून वाटतं. म्हणून मी म्हणतो, या खुनाचं कारण प्रेमाचा अतिरेक नाही. माणसाला आपण निर्माण केलं असं मानणं, हे कारण आहे.

आणि इथेच चित्रपट आपल्याला अडचणीत टाकतो. मार्क आणि वाल्डो यांच्यात फरक किती? दोघंही अशा लॉरावर प्रेम करतात जिला बोलता येत नाही. दोघंही तिची पत्रं आपलीच समजतात. दोघंही इतर पुरुषांकडे तुच्छतेनं बघतात. एकाच्या हातात लेखणी, दुसऱ्याच्या हातात पोलिसाचा बिल्ला, एवढाच फरक पूर्वार्धात दिसतो. फरक पडतो तो लॉरा जिवंत परत आल्यावर. त्या दोघांची परीक्षा तिथे सुरू होते.

ती घरात शिरते, अनोळखी माणूस खुर्चीत बसलेला, आणि ती म्हणते, पोलिसांना बोलावते. काय सुंदर क्षण आहे! ज्याला वाटतं आपण हिला आतबाहेर ओळखतो, त्याला ती ओळखतच नाही. प्रतिमेनं पहिलं काय केलं असेल, तर ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं. पुढे ती त्याला दिलेला शब्द मोडते, शेल्बीला फोन करते, काही गोष्टी लपवते. मार्क तिचा फोन चोरून ऐकायची व्यवस्था करतो. शेवटी सगळ्यांसमोर तिला ताब्यात घेतो, चौकीत नेतो, तोंडावर प्रखर दिवे सोडतो. पोलिसी चित्रपटातलं हे नेहमीचं दृश्य. पण बघा, ती म्हणते दिवे नको, आणि तो दिवे बंद करतो. त्याची खात्री जवळजवळ झालेली असते, उरलेल्या थोड्या शंकेसाठी त्याला ती सरकारी खोली हवी होती. दिवा बंद करून तो तिला विचारतो आणि तिचं उत्तर खरं मानतो. मला वाटतं मार्क वाल्डोपासून वेगळा होतो तो या एका कृतीत. सत्य उजेड पाडून काढून घेता येतं ही पोलिसाची श्रद्धा आहे. दुसऱ्या माणसाबद्दलचं सत्य त्या माणसानं सांगावं लागतं आणि आपण ऐकून घ्यावं लागतं. वाल्डोला हे शेवटपर्यंत जमत नाही. शेवटच्या रात्री तर त्याचा आवाज रेडिओवर चालू आहे, आधी ध्वनिमुद्रित केलेला, प्रेमाविषयीच. आणि तो स्वतः बंदूक घेऊन लॉराच्या खोलीत उभा आहे. आवाज एकीकडे, हात दुसरीकडे. त्याची गोळी लॉराला लागत नाही, घड्याळाला लागते.

एक आक्षेप मात्र नोंदवायलाच हवा. कॅस्परीच्या कादंबरीत वेगवेगळी पात्रं आपापला भाग सांगतात, आणि त्यांत लॉरालाही स्वतःचा भाग आहे. चित्रपटात निवेदनाचा हक्क फक्त वाल्डोला मिळाला. कॅस्परीचा प्रेमिंजरशी वाद झाला तोही आपल्या नायिकेच्या चित्रणावरूनच. मला लेखिकेची बाजू बरोबर वाटते. स्वतःच्या कमाईवर जगणारी, स्वतःचे निर्णय घेणारी बाई आपण पडद्यावर पाहतो, पण ती विचार कसा करते हे फारसं ऐकत नाही. जीन टिअर्नीनं तो उणेपणा पुष्कळ सांभाळला आहे. तिचा शांतपणा मठ्ठ वाटत नाही, जपलेला वाटतो. तरी उणेपणा आहे. आणि वाल्डोचं निवेदनही मध्येच थांबतं, हे लक्षात घ्या. चित्रपट त्याच्या हातातून निसटतो. त्यानं सांगायला घेतलेली गोष्ट लॉराच्या येण्यानं खोटी पडते.

प्रेमिंजर व्हिएन्नात कायदा शिकलेले, वडील सरकारी वकील. पुढे १९५९ साली त्यांनी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ हा न्यायालयातला चित्रपट केला. त्यांचा कॅमेरा न्यायाधीशासारखा वागतो. दोघं-तिघं एकाच चौकटीत ठेवतो, सावकाश सरकतो, आणि कोणाकडे बघायचं हे आपल्यावर सोपवतो. छायाचित्रकार जोसेफ लाशेल यांना या कामाचं ऑस्कर मिळालं. आणि डेव्हिड रॅक्सिन यांचं संगीत! जवळजवळ एकच धून. ती षड्जावर टेकेल टेकेल असं वाटतं, पण सहज टेकत नाही, आणखी पुढे सरकते. आपल्या कानाला हे लगेच जाणवतं. जिचा शोध चालू आहे ती हाती लागत नाही, हे त्या सुरांनी शब्दांच्या आधी सांगून टाकलेलं असतं.

स्टुडिओचे प्रमुख डॅरिल झॅनक यांना शेवट आवडला नव्हता. सगळं काही एका पात्राच्या कल्पनेतलं होतं, असा दुसरा शेवट त्यांनी करून घेतला. तो पाहून वॉल्टर विंचेल या स्तंभलेखकानं सांगितलं की चित्रपट उत्तम, शेवट मात्र कळला नाही. मग मूळ शेवट परत आला. स्तंभलेखकाच्या तावडीतून लॉराला सोडवलं ते एका स्तंभलेखकानं, असं म्हणायला हरकत नाही. पण तो कल्पनेचा शेवट राहिला असता तर काय गेलं असतं? लॉरा पुन्हा कोणाच्या तरी डोक्यातली प्रतिमा झाली असती. तिचं दारातून आत येणं पुसलं गेलं असतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा. मंडळी, या चित्रपटात खून कोणाचा झाला? आपण पटकन म्हणतो, लॉराचा, म्हणजे नाही, झाला नाही. खून झाला डायान रेडफर्नचा. ती मॉडेल होती. शेल्बीनं तिला लॉराच्या घरी आणलं होतं. तिनं दार उघडलं आणि वाल्डोनं अंधारात तिला लॉरा समजून मारलं. तिला चित्रपटात एक संवाद नाही. भिंतीवर तिची तसबीर नाही. तिच्यासाठी कोणी धून रचली नाही. लॉरा परत आल्याच्या आनंदात सगळे तिला विसरतात. आपणही विसरतो. मी वर्गात हा चित्रपट पुष्कळदा दाखवला, आणि नंतर ‘मेलेल्या मुलीचं नाव काय?’ असं विचारलं की वर्ग गप्प होत असे.

हे दिग्दर्शकाचं दुर्लक्ष की त्याची युक्ती, हे ठरवायची मला गरज वाटत नाही. परिणाम तोच आहे. आपण दीड तास वाल्डोला दोष देतो, की याला माणूस दिसत नाही, प्रतिमाच दिसते. आणि त्याच दीड तासात आपण स्वतः प्रतिमेच्या मागे जातो आणि मेलेल्या माणसाकडे पाठ फिरवतो. १९४४च्या प्रेक्षकांचा विचार करा. घरोघरी भिंतीवर फोटो आणि माणूस दूर युद्धावर. मेला असं वाटलेलं माणूस दारातून आत यावं, याहून मोठं स्वप्न त्यांना कोणतं पडणार? चित्रपटानं ते स्वप्न त्यांना दिलं. पण एक घर उजळलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला दिवा विझून, हेही तिथेच, त्याच गोष्टीत ठेवलं.

म्हणून खुनी कळल्यावरही ‘लॉरा’ संपत नाही. ‘कोणी मारलं’ या प्रश्नाला उत्तर आहे. ‘ही कोण होती’ या प्रश्नाला वाल्डोचं एक उत्तर, शेल्बीचं दुसरं, मार्कचं तिसरं, आणि लॉरा स्वतः त्या कशातच बसत नाही. आपल्या घरातल्या माणसांच्या बाबतीत तरी दुसरं काय होतं? बायको, मुलगा, सून, जुना मित्र, यांची एक तसबीर आपण मनात टांगून ठेवलेली असते आणि बोलतो तिच्याशीच. माणूस दारात येऊन उभं राहिलं तरी आपण तसबिरीकडेच बघत बसतो. पुढच्या वेळी हा चित्रपट पाहाल तेव्हा एक करा. डायान रेडफर्न हे नाव मनात धरून पाहा. चित्रपट तोच राहील, पण तो पाहताना तुमची नजर कुठे कुठे जाते, हे तुमचं तुम्हाला कळेल.